सुगंधाचा वेगळा विमा

"तिका काय होतला?" सुगंधाचे यजमान दाजी म्हणाले तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन पडवीच्या उंबऱ्यात पोचली होती. वाक्यात वाईट असं काही नव्हतं. टोमणा नव्हता, तुच्छता नव्हती. असलंच तर थोडं कौतुकच होतं, माणूस आपल्या जुन्या सायकलीबद्दल बोलतो तसं, इतकी वर्षं झाली पण एकदा कुरकुरली म्हणून नाही. समोरच्या खुर्चीवर दत्तप्रसाद बसला होता, गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून. दाजी हायस्कुलात चित्रकला शिकवायचे तेव्हाचा हा त्यांचा विद्यार्थी. आता बाजारपेठेत विम्याचं ऑफिस थाटून होता आणि निवृत्त झालेल्या निम्म्या मालवणाची दुखणीखुपणी त्याच्या लॅपटॉपात होती. सुगंधाच्या टेलिफोन खात्याची आजारपणाची योजना नवराबायको दोघांनाही लागू होती, पण ती एका मर्यादेपर्यंत. खर्च त्याच्या वर गेला तर काय, म्हणून वरचा विमा घ्यायचा होता, टॉप-अप. दत्तप्रसादने दोन पर्याय आणले होते, एक दोघांचा मिळून आणि दुसरा ज्याचा त्याचा वेगळा. "काकींक काय आजार?" एवढंच त्याने विचारलं होतं, आणि त्यावर दाजी म्हणाले होते, "तिका काय होतला? लिव, आजार नाही."

त्याच क्षणी तिच्या छातीत ते झालं. मासळीच्या पाटीच्या तळाशी निपचित पडलेल्या बांगड्याने, आता मेलाच म्हणेपर्यंत, एकदम शेपूट आपटावं तसं. एक ठोका कुठेतरी हरवला, मग एक मोठा आला, त्याच्यामागून दोनचार घाईघाईचे, आणि पुन्हा सगळं जागच्या जागी, जणू काही घडलंच नाही. ट्रे कलला. चहा बशीत सांडला. दाजींनी पुढे होऊन ट्रे धरला आणि म्हणाले, "सावकाश गो." ती खाली बसली. दत्तप्रसाद दोघांचा मिळून असलेल्या विम्याचे फायदे सांगत होता. हप्ता एकच, कटकट नाही, काकींना तपासणीला जायला नको, त्यांचा अर्ज तो इथे बसून भरून टाकेल. वेगळा घ्यायचा तर तिच्या वयाला सगळ्या तपासण्या कराव्या लागतील, रक्त, कार्डिओग्राम, वेळ पडली तर ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळायचीसुद्धा. "काकी, तुमी पट्ट्यार पळतलास?" तो हसला. दाजीही हसले. सुगंधा हसली नाही, तिला एक वेगळंच सुचलं होतं.

"दत्तप्रसाद, एकाच वर्षात आमी दोघांय पडलो तर?"

"तर काकी, जो पयलो पडात तेका पैसे पयले. मगे उरले तर दुसऱ्याक."

"मग तो मान माझो!" दाजी म्हणाले, छातीवर हात मारून, ज्या छातीत दोन वर्षांपूर्वी गोव्याच्या डॉक्टरांनी अडलेल्या नळीत जाळी बसवली होती त्याच छातीवर. आणि आता तिघंही हसले. तीही हसली. नंतर कितीतरी वेळ तिला त्या हसण्याची चव तोंडात राहिल्यासारखी वाटली, कच्च्या काजूचा चीक जिभेला लागावा तशी.

दुपारी दाजी जेवून आडवे झाले आणि ती मागच्या दारी पायरीवर बसली. ऊन माडांच्या झावळ्यांतून खाली सांडत होतं, विहिरीवरच्या पंपाचा आवाज बंद झाला होता, आणि तो बंद झाल्यावर तिला कळलं की आपण कान देऊन बसलोय. कशाला? आतल्या त्या फटक्याला. तो पहिल्यांदा आला तो दिवस तिला लख्ख आठवत होता. गोव्यातल्या इस्पितळाचा लांब, फिनेलच्या वासाचा बोळ, आत दाजी, बाहेर ती, हातात त्यांचं घड्याळ आणि चष्मा. मुलगा ओमकार पुण्याहून निघाला होता, अजून रस्त्यातच होता. एक नर्स बाहेर आली आणि म्हणाली, सह्या करा, आणि पेन हातात घेताना छातीत काहीतरी उलटलं. तिने भिंतीला पाठ लावली. मनात एवढंच आलं होतं, आत्ता नको. आत्ता माझी पाळी नाही. आणि ते जे काय होतं ते समजूतदार पाहुण्यासारखं मागे सरकलं. पुढे ते येत राहिलं, तिने कधी विचारलं नाही, त्याने कधी ठाण मांडलं नाही. देवाला फुलं काढताना, मासळीबाजारात सुंगटाचा भाव करताना, आणि बहुतेक वेळा काहीच न करता बसलेलं असताना यायचं. दाजींच्या गोळ्यांचा डबा ती भरायची, त्यांचं मीठ ती मोजायची, त्यांच्या तपासणीच्या तारखा तिला तोंडपाठ. त्या घरात आजाराची खुर्ची एकच होती आणि ती भरलेली होती. दुसऱ्या माणसाने आजारी व्हायचं म्हणजे जेवणाच्या पंगतीत पाट नसताना जाऊन उभं राहण्यासारखं. गंमत अशी की गोव्याचं ते सगळं बिल तिच्या खात्याने भरलं होतं, तिच्या नोकरीच्या पुण्याईवर. दाजी त्या योजनेत होते ते तिच्यावर अवलंबून म्हणून. हे कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, तिच्यासुद्धा नाही. आज आलं.

आणि त्याच्यामागून आई आली. आई यायचीच होती. कट्टा नावाच्या बाजारगावाच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव, आणि खळ्यात भात झोडताना मधेच थांबून छातीवर तळवा दाबून उभी राहणारी आई. "काय झाला गो आये?" "काय नाय. वारो भरलो." दोन क्षण. मग पुन्हा भाऱ्यावर भारा. सुगंधा तेव्हा मालवणच्या एक्स्चेंजमध्ये नवीन ऑपरेटर होती, कानाला हेडफोन, समोर बोर्ड, बोर्डावर दिव्यांची उघडमीट, हातात दोऱ्या. नंबर प्लीज म्हणायचं आणि एका माणसाची दुसऱ्या माणसाशी गाठ घालून द्यायची. एके दिवशी कट्ट्याचा दिवा पेटला. तिने दोरी खुपसली. पलीकडून गावच्या महादूचा आवाज, ओरडून बोलत होता, टेलिफोनवर लांबच्या माणसाशी बोलायचं तर ओरडायलाच हवं असं त्याला वाटत असावं. "हॅलो! थंय सुगंधा म्हणान टेलिफोनवाली आसा, तिका सांगा, आवस गेली म्हणान." आपण तिच्याशीच बोलतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "सांगतंय." आणि दोरी काढली. पुढचा दिवा पेटला होता, मासळीच्या एका व्यापाऱ्याला कोल्हापूर हवं होतं, ते तिने जोडून दिलं. मग शेजारच्या खुर्चीवरच्या नसीबाने तिच्याकडे बघितलं आणि स्वतःचा हेडफोन काढून ठेवला. आई कशाने गेली हे कुणालाच कधी कळलं नाही. वारो भरलो, एवढाच निदानाचा शब्द तिच्या नावावर जमा होता. सुगंधाचं वय आता आईच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं होतं. आई कधी सांगत नव्हती, आणि आईला कधी कुणी खोदून विचारत नव्हतं, आणि दोघींच्या मधे हा एक फटका, एका छातीतून दुसऱ्या छातीत दोरी खुपसावी तसा. ती पायरीवरून उठली. तिला भीती वाटत होती हे खरंच, पण भीतीच्या खाली एक नवीन गोष्ट होती, जिला ती लगेच नाव देऊ शकली नाही. रागाला जवळची होती. रागापेक्षा ताजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नसीबाबरोबर चिवल्याच्या किनाऱ्यावर वाळूत चालायला गेली. नसीबा निवृत्त झाल्यापासून रोज जायची, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, पायात पांढरे बूट, रापणीच्या जाळ्याची होडी ओढणाऱ्या माणसांना बाजूला व्हा म्हणत. सुगंधाने चालता चालता समुद्राकडे बघून सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगत होती, आणि वाक्य इतकं छोटं निघालं की तिलाच आश्चर्य वाटलं. "नसीबा, माझ्या छातीत धडधडता. दोन वर्षां झाली."

नसीबा थांबली नाही. थोडी हळू झाली. "कोणाक सांगलंस?"

"आता तुका."

"आणि विम्याच्या अर्जात आजार नाही म्हणान लिवतलंस?"

"दत्तप्रसाद लिवतलो."

"तो लिवतलो, पण सही तुझी गो. आज खोटा लिवलंस तर पडशीत त्या दिसा कंपनी तोंड फिरवतली, आणि ती बरोबर आसतली. मी वेगळो घेतलंय तो असोच नाय घेतलंय. सगळा तपासून घेतलंय. साखर निघाली. निघाली तर निघाली. हप्तो वाढलो, पण आता माझी साखर कंपनीक ठावक आसा, माका ठावक आसा. माका झोप लागता." मग तिने खाली बघितलं, सुगंधाच्या चपलांकडे. "तुझ्या पायाक माझे बूट होतत काय बघ. पट्ट्यार चपलांनी पळूक देवचे नाय."

सुगंधा वाळूत बसून नसीबाचे बूट घालून बघू लागली आणि नसीबा अनवाणी ओल्या वाळूत उभी राहिली. बूट एक बोटभर मोठे होते. लेस आवळून बांधल्यावर बसले. ती उभी राहिली आणि दोन पावलं चालली, आणि पायाखाली काहीतरी उसळी घेतंय असं वाटलं. बुटांचीच करामत होती ती. तरी बरं वाटलं.

बाजारपेठेतल्या दत्तप्रसादच्या ऑफिसात ती एकटी कधीच गेली नव्हती. काचेचं दार ढकलून आत गेल्यावर तो उठून उभा राहिला आणि तिच्या मागे बघू लागला. "सर खंय?"

"सर घराक. मी इलंय." ती बसली. तिने पर्स मांडीवर ठेवली, आणि ती धरून ठेवलीय असं लक्षात आल्यावर बाजूच्या खुर्चीवर ठेवली. "माका वेगळो होयो. माझ्या नावाचो. सगळ्या तपासण्या करून."

"काकी, कित्याक ह्या वयात उकरून काढतास? उकरल्यार काय तरी भायर येतलाच."

"येवंदे."

तो बघत राहिला. एवढा एकच शब्द, पण तो बोलून झाल्यावर तिला खुर्ची बसायला जास्त ऐसपैस वाटू लागली. ऑफिसच्या पंख्याची कटकट, भिंतीवरचं कॅलेंडर, बाहेरून जाणाऱ्या रिक्षाचा हॉर्न, सगळं एकदम स्वच्छ ऐकू येऊ लागलं. दत्तप्रसादने दोन्ही पर्यायांचे फरक पुन्हा समजावले, या वेळी तिच्या तोंडाकडे बघून. तिने प्रश्न विचारले. कणकवलीत चालेल का, की मुंबईलाच जावं लागेल? गोव्याचं इस्पितळ यादीत आहे का? जुनं दुखणं असेल तर किती वर्षं थांबावं लागतं? त्याने उत्तरं दिली, एकदोनदा फोन करून विचारून दिली. निघताना तो म्हणाला, "काकी, सर काय म्हणतले?" तिला वाटलं होतं या प्रश्नाने आपण थोडं तरी ढेपाळू. ढेपाळली नाही.

सर जे म्हणायचं ते म्हणालेच. जेवणाच्या ताटावर. "इतकी वर्षां एका छपराखाली काढली, आणि विमो वेगळो?" त्यांना खरंच लागलं होतं. दाजी काही दुष्ट माणूस नव्हते. वर्गात पोरांच्या चित्रातल्या आकाशाला हात लावायच्या आधी परवानगी घेणारे मास्तर, घरात आवाज चढवला असा एकही दिवस तिला आठवत नव्हता. पण घरात दुसरं कुणी आजारी असू शकतं हे चित्र त्यांच्या वहीत कधी काढलंच गेलं नव्हतं. "माझ्यार इस्वास नाय तुझो? मी सगळो विमो खावन बसतलंय असा वाटता?"

"तसा नाय ओ. छप्पर एकच आसा. पण काळजां दोन आसत ना?"

दाजींनी भातावर सोलकढी ओतली. दोन दिवस ते तिच्याशी फक्त कामापुरतं बोलले, मीठ दी, पेपर इलो काय, एवढंच. धडधडीबद्दल ती त्यांना काही बोलली नाही. बोलायचं ठरवून ती पडवीत जायची आणि ते चष्मा लावून पेपरात तोंड घालून बसलेले दिसायचे, मानेवरची कातडी सैल पडलेली, शर्टाच्या गळ्यातून जाळी बसवली त्या वेळचं ते हरवलेलं वजन दिसायचं, आणि ती काहीतरी दुसरंच बोलून परत फिरायची. पण तपासणीच्या सकाळी ती लग्न झालेल्या मुलीचा घरी राहिलेला जुना सलवार-कमीज घालून, नसीबाचे बूट पिशवीत घेऊन दाराशी आली तेव्हा दाजी पायरीवर उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली.

"मी येतंय," ते म्हणाले. "सोबत नको?"

कणकवलीची एस्टी कट्ट्यावरून जाते. सुगंधा खिडकीशी बसली होती. उपाशी पोटी यायला सांगितलं होतं, त्यामुळे सगळे वास तीव्र लागत होते, डिझेलचा, पुढच्या बाईच्या वेणीतल्या सुरंगीचा, दाजींच्या शर्टाच्या इस्त्रीचा. कट्ट्याची दुकानं आली, स्टॉप आला, माणसं उतरली चढली. ज्या पोस्टातून महादूने फोन केला होता ती जागा कुठली हे तिला आता ओळखता आलं नाही. तिथे मोबाइलचं दुकान असावं, किंवा शेजारचं. तिला वाटलं होतं इथून जाताना त्या फोनचा दिवस आठवेल. त्याऐवजी एकाएकी लहानपणचा उतार आठवला, शाळा सुटल्यावर घाटीवरून सुसाट खाली पळत यायची तो, फ्रॉकचा ओचा धरून, दप्तर पाठीवर आपटत, आई खालून ओरडतेय, "पडशीत गो!" आणि ती पडत नाहीय. किती वर्षांत ती पळाली नव्हती? लग्नानंतर एस्टी पकडायला, मुलांच्या मागे, कुकरच्या शिट्टीकडे. ते पळणं वेगळं. एस्टी सुटली. दाजींनी बाटलीचं बूच उघडून तिच्यापुढे धरलं. पाणी चालेल असं तपासणीवाल्यांनी सांगितलं होतं.

तपासणी केंद्रात काउंटरवरच्या मुलीने दाजींकडे बघून विचारलं, "पेशंट तुम्ही ना काका?" आणि दाजी गोंधळले. "नाही... म्हणजे मी सोबत आहे." ती मुलगी फॉर्म सरकवताना सुगंधाकडे वळली. दाजी मागच्या बाकावर जाऊन बसले, सोबतच्या माणसांच्या बाकावर, आणि तिथे बसलेल्या दुसऱ्या एका बाईने त्यांना थोडी जागा करून दिली. सुगंधाला ते दृश्य इतकं नवीन वाटलं की ती फॉर्म भरायचं विसरून क्षणभर बघत राहिली. मग बांगड्या काढायला सांगितल्या, मंगळसूत्र काढायला सांगितलं. तिने ते काढून दाजींच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी बांगड्या रुमालात बांधल्या, मंगळसूत्र शर्टाच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावून वरून हात दाबून धरला.

डॉक्टरीण तरुण होती, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं भरभर पण कान देणारं. दाजीही आत आले होते. "रक्तदाब? शुगर? आधीचं ऑपरेशन?" मग मान वर करून, "छातीत धडधड होते कधी? ठोका चुकल्यासारखं?"

"नाही हो डॉक्टर," दाजी म्हणाले. "तिला तसलं काही नाही. ठणठणीत आहे ती."

खोलीत एसीचा आवाज होता. सुगंधाला त्या आवाजाच्या मागे दुसरा एक आवाज ऐकू आला, फार लांबून, ओरडून बोलणारा. एखाद्या बाईचा निरोप एखाद्या बाईला पोचवायचा होता आणि मधे कुणी बोर्डावर बसलेलं नव्हतं. बांगड्याने शेपूट आपटलं, आत्ताही, नेमकं. ती शुद्ध मराठीत म्हणाली, ऑफिसातल्या आवाजात, ज्या आवाजाने तिने पाव शतक लोकांना मुंबई-कोल्हापूर जोडून दिलं होतं त्याच आवाजात, "होते. दोन वर्षांपासून होते. आत्ता तुम्ही विचारलंत तेव्हाही झाली."

दाजींनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघू शकली नाही, ती डॉक्टरणीकडे बघत राहिली. डॉक्टरणीने प्रश्न विचारले, केव्हा होतं, बसल्यावर की चालल्यावर, चक्कर येते का, आईवडिलांना काही होतं का. "आई," सुगंधा म्हणाली. "छातीवर हात धरून उभी राहायची. पण तिला कधी कुणी तपासलं नाही." डॉक्टरणीने ते लिहून घेतलं. आईचं दुखणं पहिल्यांदाच कागदावर उतरत होतं. मग ती म्हणाली, "कार्डिओग्राम बघू, इको बघू, आणि ठीक वाटलं तर पट्ट्यावर चालवू तुम्हाला. चालाल?"

"चालेन," सुगंधा म्हणाली. "बूट आणलेत."

रसिका नावाची टेक्निशियन मुलगी होती, तिने छातीवर गोल चिकटपट्ट्या लावल्या, थंडगार, प्रत्येक पट्टीला एक वायर. इतक्या वायरी अंगातून निघालेल्या बघून सुगंधाला हसू आलं. आयुष्यभर दोऱ्या तिने दुसऱ्यांच्या खोबणीत घातल्या होत्या. "घाबरू नका आजी, बरं वाटलं नाही की लगेच सांगा, मी मशीन थांबवते," रसिका म्हणाली. पट्टा सुरू झाला. आधी तो पायाखालून हळूच काढून घेतल्यासारखा मागे सरकू लागला, आणि ती त्याच्यावर चालू लागली, बाजारात जावं तशी. मग त्याने चढ घेतला. घाटी. पोटऱ्या ताणल्या गेल्या, पण ओळखीच्या कामाला लागल्यासारख्या. मग वेग वाढला. तिने दांडी घट्ट धरली होती, ती सैल केली. श्वास मोठा झाला, कानात घुमू लागला. आता येईल, तिने मनात म्हटलं, आता येईल तो फटका. ती त्याची वाट बघत होती, त्याला सामोरी जात होती, दोन वर्षं पाहुण्यासारखा येऊन परत जाणाऱ्या त्याला आज घरात घ्यायचं तिने ठरवलं होतं. पण फटका आला नाही. जसा चढ वाढला, वेग वाढला, तशी छाती एकसुरात लागली, एकामागून एक, एकामागून एक, ठोक्यावर ठोका, एकही गाळलेला नाही. ते तिचं होतं. हे एवढं मोठं, ठणकावून चालणारं काहीतरी इतकी वर्षं तिच्या आत होतं आणि तिने त्याला घाबरत घाबरत सांभाळलं होतं, काचेच्या बरणीसारखं. घाम कानशिलावरून मानेवर उतरला. केसांचा अंबाडा सुटला. तिने तो सुटू दिला. कुणाचा कुकर नव्हता, कुणाची एस्टी नव्हती, पट्टा कुठेच जात नव्हता, आणि तरी ती पळत होती, चक्क पळत होती, मोठ्या बुटांचा थपथप आवाज करत. खाली उतारावर आई उभी होती आणि ओरडत नव्हती. नुसती बघत होती.

"आजी, पुरे, झालं. थांबवते हां."

"आजून थोडा," सुगंधा धापा टाकत म्हणाली. मालवणीतच. रसिका हसली आणि स्क्रीनकडे बघून तिने आणखी थोडं पळू दिलं.

डॉक्टरणीने सगळे कागद समोर मांडून सांगितलं. जादा ठोके पडतात, बसलेलं असताना पडतात, पळताना नाहीसे होतात. हृदयाचं पंपिंग चांगलं आहे, झडपा चांगल्या आहेत. अशा ठोक्यांनी बहुतेकांचं काही बिघडत नाही, पण वर्षातून एकदा बघत राहू. रक्तदाब मात्र थोडा वर आहे, त्याला एक गोळी लागेल. "हे मी रिपोर्टमध्ये लिहिणार. कंपनी हप्ता थोडा वाढवेल कदाचित. पण तुम्ही सांगितलंत हे फार चांगलं केलंत."

बाहेर पडल्यावर त्यांनी स्टँडसमोरच्या हॉटेलात उसळपाव खाल्ला. सुगंधाने दोन प्लेटी खाल्ल्या. दाजींनी तिला बांगड्या परत दिल्या, मग खिशाचं बटण उघडून मंगळसूत्र दिलं, आणि ती ते घालत असताना समोर बघत राहिले. तेवढ्यात दत्तप्रसादचा फोन आला, तिच्या मोबाइलवर. कसं झालं? तिने सांगितलं. "काकी, आता हप्तो वाढतलो बघा. अजून येळ गेलो नाय. ह्यो अर्ज मागे घेवया आणि सरांबरोबर एकत्रवालो करूया. थंय कोण एवढा इचारणत नाय."

"मी सांगतंय ता," ती म्हणाली. "इचारूक नाय तरी सांगतलंय. वेगळोच करायचो, दत्तप्रसाद. हप्तो वाढवंदे. धडधड आसा ती लिव, प्रेशर आसा ता लिव, आवशीचा लिव." तिचा आवाज हॉटेलातल्या दोनतीन माणसांनी वळून बघण्याइतका मोठा झाला होता. "आणि सरांचो काय तो सरांकच इचार." तिने फोन दाजींपुढे धरला.

दाजींनी तो घेतला. कितीतरी वर्षांत स्वतःच्या दुखण्याचा निर्णय त्यांना स्वतः घ्यावा लागला नव्हता; गोळी कुठली इथपासून सगळं तिच्याकडे असायचं. ते फोन कानाला लावून उभे राहिले, उसळीच्या वाफेत, आणि मग म्हणाले, "माझोय वेगळो कर रे. जाळी बसवलली आसा म्हणान लिव. सगळा लिव."

पुढे तो विमा आला, हप्ता वाढूनच आला, आणि सुगंधाने आपल्या पेन्शनीतून तो भरला. नसीबाने बूट परत घेतले नाहीत. म्हणाली, आता तुझ्या पायाक बसले. रोज सकाळी दोघी चिवल्यावर जातात. पण त्या दुपारी अजून यातलं काहीच झालेलं नव्हतं. कणकवलीच्या स्टँडवर मालवण गाडीला उशीर होता. फलाटावर माणसं, काजूच्या गोणी, एक कुत्रा सावलीत पसरलेला. दोघं बाकावर बसली. दाजींनी पाण्याची बाटली बाकावर ठेवली.

"दोन वर्षां," ते म्हणाले. "तू माका सांगूक नाय."

"तुमची तब्येत..."

"माझी तब्येत." त्यांनी मान हलवली. मग त्यांनी सगळ्या फलाटासमोर, गोणीवर बसलेल्या बाया बघत असताना, तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि मनगटावर बोटं ठेवली. डोळे मिटून, भुवया आकसून, चित्रातला एखादा अवघड कोपरा रंगवताना करायचे तसे. बोटं भलतीकडेच होती, हाडावर.

"लागणत नाय," ते घाबरून म्हणाले.

सुगंधाने त्यांची बोटं धरून थोडी खाली, अंगठ्याच्या मुळाशी सरकवली. "हंय."

गाडी फलाटाला लागली. लोक उठले, गोणी उचलल्या गेल्या, कंडक्टर "मालवण, मालवण" म्हणून ओरडू लागला. दाजी हलले नाहीत.

"लागली?" तिने विचारलं.

"लागली," ते म्हणाले. "जोरात आसा गो."